ड्रमकिर्कची संगीत सभा आणि मे महिन्यातला पहिला शनिवार

ड्रमकिर्कच्या संगीत सभेनं नव्या हंगामाचं पत्रक छापून घरोघरी टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव नोएलीनशी भलतंच प्रेमानं वागायला लागलं. खरं तर तिथेच तिला संशय यायला हवा होता. एरवी नोएलीन तिकिटांचं पुस्तक घेऊन रस्त्यानं येताना दिसली, की आमच्या गावचे धट्टेकट्टे मेंढपाळसुद्धा गाडीचं बॉनेट उघडून इंजिनात डोकं घालतात. या वेळी मात्र लोक स्वतःहून थांबत होते, दोन-दोन तिकिटं घेत होते, आणि वर तिच्या दंडावर हात ठेवून "कशी आहेस गं? काही लागलं तर सांग हं," असंही म्हणत होते.

नोएलीन मॅकास्किल सव्वीस वर्षं सभेची चिटणीस होती. वर्षाला पाच कार्यक्रम, एक पियानो, नव्वद खुर्च्या आणि शेवटी चहा, एवढाच सभेचा संसार. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. हंगामाच्या पहिल्याच कार्यक्रमाला थेट प्रागहून चौकडी येणार होती: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. परदेशातून कुणी ड्रमकिर्कला येऊन वाजवावं, ही सभेच्या इतिहासातली पहिलीच वेळ. ती शेवटचीही ठरू शकत होती. कलावंतांना गावोगाव पाठवणाऱ्या वेलिंग्टनच्या दौरा मंडळानं स्वच्छ लिहिलं होतं, की या कार्यक्रमाला किमान साठ श्रोते आणि 'समाधानकारक प्रतिसाद' दिसला नाही, तर ड्रमकिर्कचं नाव यादीतून काढण्यात येईल. डोकी मोजायला मंडळाची बाई जातीनं येणार होती.

आता साठ म्हणजे काय चेष्टा आहे? गेल्या हंगामातली सगळ्यात मोठी गर्दी एकतीस, आणि त्यातले दोघं गारा पडायला लागल्या म्हणून आत शिरलेले. त्यामुळे यंदा अठ्ठ्याऐंशी तिकिटं खपली तेव्हा नोएलीनला आभाळ ठेंगणं झालं.

कार्यक्रमाला दहा दिवस उरले असताना ती खाण्याच्या टेबलासाठी सॉसेज सांगायला तामाती पराटाच्या मटणाच्या दुकानात गेली. काउंटरवर खडूनं लिहिलेली पाटी होती: 'बदकं साफ करून मिळतील. शनिवार, ६ मे, दुपारपासून.'

"सहा तारखेला एवढी बदकं कुठून येणार आहेत रे?" नोएलीननं सहज विचारलं.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांनीही एकदम आपापल्या पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. तामातीनं हातातला सुरा खाली ठेवला.

"नोएलीन," तो हळूच म्हणाला, "मे महिन्यातला पहिला शनिवार आहे तो."

नोएलीन जागच्या जागी मटकन बसली असती, पण दुकानात बसायला काही नव्हतं. मे म्हणजे आमच्याकडे थंडीचं तोंड, आणि त्याच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी आमच्याकडे कुणी लग्न ठेवत नाही, बारसं ठेवत नाही, आणि मरायचं असलंच तर माणसानं ते सोमवारपर्यंत लांबवावं अशी अपेक्षा असते. पहाटे साडेतीनला घराघरांत दिवे लागतात. पुरुष आणि निम्म्या बायका तळ्याकाठच्या झोपड्यांत जाऊन दबा धरून बसतात, आणि उरलेल्या निम्म्या बायका त्यांना डबे पोचवून दमतात.

"पण तुम्ही सगळ्यांनी तिकिटं घेतलीत!"

"घेणारच की. तू विकत होतीस."

"आणि एकानंही मला सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं तू मुद्दामच ठेवलायस." तामातीनं नजर पाटीकडे वळवली. "म्हणजे रेक्स गेल्यानंतरचा हा पहिलाच मोसम ना. त्या दिवशी घरी एकटीनं बसायला नको, म्हणून. हॉलवाली ग्लेनिस म्हणाली, कुणी एक अक्षर बोलायचं नाही."

"बरं. मग त्या दिवशी हॉलवर येणार कोण होतं?"

तामातीनं सुरा पुन्हा उचलला आणि नसलेली चरबी कापायला लागला.

चूक झाली ती अशी. सभेच्या तारखा दर नोव्हेंबरात नोएलीनच्या स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरसमोर उभं राहून ठरतात. ते कॅलेंडर खिळ्याला लावण्याआधी तिचा नवरा रेक्स मे महिना उघडायचा आणि पहिल्या शनिवारच्या चौकोनात एक बदक काढायचा. बदक कसलं, पाय फुटलेला बटाटाच तो. पण इतकी वर्षं समितीच्या पाच जणांना बदक बघून तो चौकोन सोडायची सवय लागलेली. रेक्स सप्टेंबरात गेला. नोव्हेंबरात कॅलेंडर नोएलीननं लावलं. बाकीच्या शनिवारी रग्बी, शाळेची जत्रा, मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची शर्यत, आणि हा एक चौकोन कोरा करकरीत. "नशीब बघा, एक मोकळा सापडला!" असं म्हणून पाचही जणांनी तो झडप घालून धरला. घरी गेल्यावर एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर पत्रक छापायला गेलं होतं, आणि नोएलीनला जाऊन हे सांगायचं कुणी?

अध्यक्षांच्या डोक्यात मात्र तेवढाही प्रकाश पडला नव्हता. फर्गस टलक हा गुरांचा निवृत्त डॉक्टर बावीस वर्षं सभेचा अध्यक्ष होता, कारण हॉलची किल्ली त्याच्याकडे असे आणि त्याच्या आवाजाला माइक लागत नसे. संगीताशी त्याचं काही वैर नव्हतं, इतकंच. नोएलीन तडक त्याच्याकडे गेली तेव्हा तो शेडमध्ये, खरी बदकं फसून तळ्यावर उतरावीत म्हणून ठेवायच्या प्लॅस्टिकच्या बदकांना हिरवा रंग देत बसला होता.

"फर्गस, सहा तारखेला तू कुठे असणारेस?"

"तळ्यावर. आणखी कुठे?"

"मग अध्यक्षांचं भाषण कोण करणार?"

"कसलं भाषण?"

नोएलीननं पत्रक त्याच्या नाकासमोर धरलं. फर्गसनं चष्मा लावला आणि ते पहिल्यांदाच वाचलं.

"हे कुठल्या गाढवानं छापलं?"

"खाली सही तुझी आहे."

"मी सही करतो म्हणजे वाचतो असं तुला कोण म्हणालं?" फर्गसनं ब्रश डब्यात बुडवला. "अठ्ठेचाळीस वर्षं एक पहिला शनिवार चुकवलेला नाही मी. त्या चौघांना दुसऱ्या दिवशी बोलव."

"शुक्रवारी ते डनीडिनला आहेत आणि रविवारी इन्व्हरकारगिलला. त्यांना शनिवारच मोकळा आहे."

"मग रद्द कर. त्यात काय!"

नोएलीन पालथ्या बादलीवर बसली. "रद्द नको रे करायला, फर्गस," ती म्हणाली. "मेंढ्या विकल्या. कुत्रा मुलीकडे गेला. सकाळी उठायचं ते कशासाठी, तर मंडळाला पत्र लिहायचंय, खुर्च्या मोजायच्यात, एवढ्यासाठी. आठ महिने मी या एका कार्यक्रमावर काढलेत. नाव यादीतून गेलं तर मी करू काय?" आणि ती रडायला लागली.

फर्गसनं आयुष्यभर अडलेल्या गाई सोडवल्या होत्या. मध्यरात्री, पावसात, कोपरापर्यंत हात घालून. पण समोर माणूस रडायला लागलं की त्याचे हातपाय गळत. त्यानं एका प्लॅस्टिकच्या बदकाला तीन डोळे काढले, मग ते बाजूला ठेवलं.

"बदकं दुपारी झोपतात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सकाळी उडतात, संध्याकाळी उडतात. मधे काही नसतं. माणसं झोपडीत बसून एकमेकांच्या चुका काढतात. संध्याकाळचा कार्यक्रम दुपारी एकला आण. तीनला सोडलंस तर मी त्यांना आणतो."

मग फोन सुरू झाले. नोएलीननं अठ्ठ्याऐंशी जणांना फोन केला आणि प्रत्येकानं नवी अडचण काढली. कपडे बदलायला वेळ नाही. मग चिखलाच्या रंगाचे शिकारीचे कपडे चालतील असं ठरलं. कुत्र्यांचं काय? ती गाडीत बसतील. बंदुका? त्याही गाडीत, कुलपात. एवढं जमत आलं तेव्हा ग्लेनिस उभी राहिली. ग्लेनिसकडे हॉलची आणि खाण्याच्या टेबलाची, दोन्ही खाती.

"जमिनीला परवाच पॉलिश केलंय," ती म्हणाली. "चिखलाचा एक बूट जरी आत आला, तर मी त्या बुटासकट माणूस बाहेर काढीन."

"अगं, मग काय अनवाणी बसवू त्यांना?"

"पायमोज्यांवर बसू देत. आणि मोजे धुतलेले हवेत, सांगून ठेव."

सगळ्यात मोठी अडचण कुणाच्याच हातात नव्हती. ऊन पडलं, वारा पडला, की बदकं हलत नाहीत. शिकारी कंटाळतात आणि चहाच्या आशेनं कुठेही यायला तयार होतात. पण दक्षिणेचा वारा सुटला, गारठा आणि पाऊस आला, की बदकं डोक्यावरून खाली खाली उडतात, आणि मग बायको बाळंत झाली तरी माणूस तळं सोडत नाही. म्हणून आदल्या रविवारी चर्चमध्ये नोएलीननं डोळे घट्ट मिटून स्वच्छ उन्हाची प्रार्थना केली. तिच्या मागच्याच रांगेत फर्गसनं दक्षिणेचा वारा मागितला. शब्द दिला असला तरी अठ्ठेचाळीस वर्षांची सवय होती.

देवानं फर्गसचं ऐकलं. शनिवारी पहाटे असा वारा सुटला, की नोएलीनच्या अंगणातली कपड्यांची दोरी खांबासकट आडवी झाली. उजाडताना तिनं खिडकीतून पाहिलं, तर बदकांचे थवेच्या थवे धुराड्याला घासून तळ्याकडे निघालेले. सगळीकडून बंदुकांचे बार ऐकू येत होते. "संपलं," ती भांड्याच्या कपाटाला म्हणाली, आणि तरीही इस्त्री केलेला निळा ब्लाउज घालून हॉलवर गेली.

अकराला चौकडी आली. त्यांची मुख्य व्हायोलिनवाली हेडविका, उंच, करड्या केसांची, तिनं रिकाम्या हॉलमध्ये एक सूर वाजवून कान दिला आणि मान हलवली. दौरा मंडळाच्या मिस अ‍ॅलर्डाइस त्यांच्याबरोबरच आल्या. त्यांच्या हातात बटण दाबलं की आकडा वाढणारं छोटं यंत्र होतं. साडेबाराला त्यांनी ते नऊ वेळा दाबलं. पाऊण वाजता आकडा चौदावर गेला, आणि त्यात चौकडीच्या गाडीचा ड्रायव्हर होता.

"चौदा," मिस अ‍ॅलर्डाइस म्हणाल्या.

"रस्ते खराब असतील," नोएलीन म्हणाली. "वारा फार आहे ना."

"तिकिटं अठ्ठ्याऐंशी गेली असं तुम्ही कळवलं होतं."

"हो. आमचं गाव फार मायाळू आहे हो," नोएलीन म्हणाली. बिचारी दाराशी जाऊन उभी राहिली. कुणाला दोष द्यावा असं कुणीच नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

एकला दहा कमी असताना वळणावरून एक गाडी आली. तिच्या मागे दुसरी. मग रांगच लागली. सगळ्या चिखलानं माखलेल्या, प्रत्येकीच्या मागे भुंकणारी कुत्री. पहिल्या गाडीतून फर्गस उतरला. त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं आणि चेहरा असा, की जन्माचं सार्थक झालंय.

"संपला!" तो ओरडला. "कोटा संपला, नोएलीन! सगळ्यांचा! असा दिवस मी आयुष्यात पाहिला नाही. साडेअकरालाच सरकारनं माणशी ठरवून दिलेला दिवसाचा आकडा भरला. आता एक पीस जरी पाडलं तरी दंड. घरी जाऊन करायचं काय? चला म्हटलं!"

दाराशी बुटांचा डोंगर झाला. माणसं पायमोज्यांवर, चोरट्या पावलांनी आत आली. येताना खाण्याचं ताट आणायची आमची रीत कुणी मोडली नव्हती; फक्त घाईत ज्याच्या हाताशी जे होतं ते त्यानं आणलं. ग्लेनिसच्या टेबलावर चीज रोल आणि पाव्हलोव्हाच्या केकच्या मधोमध पिसांसकट बावीस बदकं ओळीनं झोपली. ग्लेनिसनं त्यांच्यावर स्वच्छ टेबलक्लॉथ घातला आणि कुणाकडेही बघितलं नाही.

मिस अ‍ॅलर्डाइसचा अंगठा दुखायला लागला. आकडा सत्त्याऐंशीवर थांबला. "संख्येचं झालं," त्या म्हणाल्या आणि यंत्र पर्समध्ये ठेवून वही काढली. "आता प्रतिसाद."

फर्गसचं भाषण तीन वाक्यांचं झालं. तो पुढच्या रांगेत नोएलीनच्या शेजारी येऊन बसला आणि वादन सुरू झालं.

आता विचार करा. पहाटे साडेतीनला उठलेली माणसं. सकाळभर गारठ्यात भिजलेली. त्यांना गरम हॉलमध्ये मऊ खुर्च्यांवर बसवलं, चारी कोपऱ्यांत हीटर लावले, कपड्यांतून वाफा निघायला लागल्या आणि वर व्हायोलिन. पहिला भाग जोरकस होता, तेवढ्यावर निम्मे टिकले. दुसरा भाग सुरू झाल्यावर नोएलीननं हळूच मागे वळून पाहिलं. मागच्या तीन रांगा गेल्या होत्या. माना एकाच बाजूला कललेल्या, तोंडं उघडी. तिनं जिवाच्या आकांतानं ग्लेनिसला डोळ्यांनी खूण केली, की उठव त्यांना. पण पहाटे चाळीस डबे भरलेली ग्लेनिस स्वतःच तामातीच्या पाठीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. मिस अ‍ॅलर्डाइस पहिल्या रांगेच्या टोकाला, मंचाकडे तोंड करून लिहीत होत्या. त्यांनी एकदा जरी मागे पाहिलं तर संपलंच, हे नोएलीनला कळलं. ती देवाचं नाव घेत समोर बघत राहिली.

शेवटचा भाग संथ होता. नोएलीननं चौकडीला पत्र लिहून खास तोच मागितला होता. तो भाग कसा झाला याला गावात साक्षीदार मिळणं कठीण आहे. एवढं खरं, की शेवटचा सूर बारीक होत होत विरला, चौघांचे गज हवेत तसेच राहिले, आणि हॉलमध्ये कुणी हललं नाही. पाच सेकंद गेले. दहा गेले. वीस गेले.

मग पुढच्या रांगेतून एक टाळी वाजली. बंदुकीचा बार व्हावा तशी खाडकन.

सत्त्याऐंशी माणसं एका क्षणात ताडकन उठून उभी राहिली. चौदा-पंधरा जणांचे हात नसलेली बंदूक शोधत खांद्याकडे गेले. "आले, आले!" असं मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळ्यांना भान आलं. आपण कुठे आहोत, पायात बूट का नाहीत, आणि समोर चार परदेशी माणसं आपल्याकडे का बघताहेत. आमची माणसं भिडस्त. झोपल्याची शरम झाकायला ती टाळ्या वाजवायला लागली, आणि शरम मोठी होती म्हणून टाळ्या चार मिनिटं थांबल्या नाहीत. बाहेर गाड्यांतल्या कुत्र्यांनीही सूर धरला.

चहाच्या वेळी हेडविका दोन्ही हातांनी नोएलीनचा हात धरून उभी होती. तिचे डोळे ओले झाले होते.

"तीस वर्षं वाजवतेय मी," ती म्हणाली. "खोकणारे पाहिलेत, गोळ्यांचे कागद वाजवणारे पाहिलेत, घड्याळ बघणारे पाहिलेत. आज एक खुर्ची वाजली नाही. सगळे डोळे मिटून ऐकत होते. आणि शेवटी केवढी ती शांतता! आमच्याकडे लोकांना तेवढा धीर नसतो हो. सूर संपायच्या आत टाळ्या पडतात."

"आमची माणसं मुळातच शांत आहेत," नोएलीन कशीबशी म्हणाली.

"आणि या हॉलचा खर्ज!" चेलोवाला मधेच म्हणाला. "मी खाली उतरलो की सगळा हॉल माझ्याबरोबर घुमत होता. असली साथ मला कुठे मिळाली नाही. लाकूड कुठलं आहे?"

तामाती घाईघाईनं चीज रोलकडे वळला.

"आम्हाला पुढच्या वर्षी याच दिवशी बोलवाल?" हेडविकानं विचारलं. "याच वेळी, हीच माणसं."

मिस अ‍ॅलर्डाइसनी वहीत लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "ड्रमकिर्क, दर वर्षी, मे महिन्यातला पहिला शनिवार. दुपारी एक. कुणाची हरकत?"

टेबलाभोवती ऐंशी जण उभे होते. ऐंशी जणांनी फर्गसकडे पाहिलं. फर्गसनं नोएलीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "हरकत कसली? ठरलं."

संध्याकाळी चारच्या सुमाराला हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात दोघंच उरली. नोएलीन कप धुवत होती आणि फर्गस पुसत होता. आकडा झाला, प्रतिसाद झाला, यादीतलं नाव पक्कं झालं. नोएलीनच्या अंगातला सगळा ताण उतरला होता आणि ती गुणगुणत होती.

"शेवटचा भाग काय वाजवला नाही त्यांनी?" ती म्हणाली. "अप्रतिम."

"हं," फर्गस म्हणाला. "मधे तो चेलोवाला एकटाच खाली खाली जातो, आणि मग बाकीचे तिघं काही न बोलता एकेक करून त्याच्याजवळ येऊन बसतात, ते कसं वाटलं तुला?"

नोएलीनचे हात साबणाच्या पाण्यात थांबले. बावीस वर्षांत फर्गस संगीताबद्दल जे काही बोलला होता, ते खुर्च्यांबद्दल होतं.

"तू ऐकलंस?"

"कुणीतरी जागं राहायला नको? तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होतीस."

"मी?" नोएलीन लालबुंद झाली. तिला वाटलं होतं, मिटले असतील डोळे एखादं मिनिट. "अरे मूर्खा, मग मला उठवलं का नाहीस? आठ महिने मी त्या दहा मिनिटांची वाट बघत होते!"

"आठ महिने झोपली नव्हतीस तू," फर्गस म्हणाला. "तुझ्या खिडकीतला दिवा माझ्या शेडमधून दिसतो. हाताला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. दुसरं काही करता येईना, म्हणून ऐकत बसलो."

नोएलीननं ओल्याच हातानं डोळे पुसले आणि साबण डोळ्यांत गेला, म्हणून पुन्हा पुसले.

"मग?" तिनं विचारलं.

फर्गसनं पुसलेला कप पुन्हा एकदा पुसला.

"नोएलीन," तो म्हणाला, "हे लोक असलं काही वाजवतात, हे बावीस वर्षांत मला एकानंही का सांगितलं नाही?"